तुमचा पोरगा उधळ्या नाही, तो तर वावरात आहे

पत्र (नाव-गाव काढून, थोडं आखूड करून):

"सर, सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातला साडेपाच एकराचा कास्तकार. कपाशी, सोयाबीन, तूर. मोठा पोरगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. ऑगस्टमध्ये फवारणी होती, मजूर भेटला नाही, त्याला म्हटलं पंप घे पाठीवर, तर म्हणे आज नाही, मित्रासंगं जायचं आहे. शब्दाला शब्द वाढला आन् मी चार लोकांसमोर त्याला चपलेनं मारलं. तो म्हणाला, 'मी काय तुमचा सालदार (सालभरासाठी ठेवलेला गडी) आहे? सालदाराला तरी पैसे देता तुम्ही.' तेव्हापासून बोलत नाही. जेवण झालं की जागलीला वावरात जातो, मचाणावरच झोपतो, सकाळी कॉलेज. रात्रीच्या प्रार्थनेला बसत नाही, चर्चला येत नाही. पाळकसाहेब म्हणतात उधळ्या पुत्र आहे, येईल परत, दार उघडं ठेवा. दोन महिने झाले, वाटच पाहतो आहे. बायको म्हणते तुम्हीच बोला, पण बापानं लेकासमोर वाकायचं का? शास्त्रात छडीचं वचन आहेच ना. वरून चर्चची मंडळी मला यंदा कारभारातला पंच करतो म्हणते. कर्जाचं घरात कोणाला सांगितलं नाही, रात्री झोप नाही, नको नको ते विचार येतात. देवभीरू बाप म्हणून माझं कुठं चुकलं?"

भाऊ, सलाम.

पत्र तीनदा वाचलं. पोराचं नंतर बोलू, आधी तुमची ती ओळ. "नको नको ते विचार येतात" हे तुम्ही कर्ज आणि झोप यांच्या मागे असं टाकून दिलं की वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटावं. माझ्या नाही सुटलं. आपल्या जिल्ह्यांमध्ये या शब्दांचा अर्थ काय निघतो ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तर हा पेपर खाली ठेवायच्या आधी बायकोला सांगा की असं असं मनात येतं. आणि १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा, टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री कधीही लावा, मराठीत बोलता येतं. फोन लावला म्हणजे विश्वास कमी पडला असं समजू नका. बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तर देवानं त्याला उपदेश नाही केला, आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं.

आता पोराचं.

पाळकसाहेबांचा मान ठेवून सांगतो, मला नाही वाटत तुमचा पोरगा उधळ्या आहे. बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या दृष्टांतातला तो उधळ्या धाकटा पोरगा काय करतो, बाप जिवंत असताना हिस्सा मागतो, पैसा घेऊन दूर देशी जातो, उडवतो, शेवटी डुकरं चारायला लागतो. तुमच्या पोरानं यातलं काय केलं? रोज रात्री तुमच्याच वावरात मचाणावर बसून डुकरं हाकलतो तो, तुमच्याच कपाशीत, तुमच्यावर चिडलेला असताना! मला हे वाचून हसूही आलं आणि पोटात तुटलंही. दोन महिने बापाशी बोलत नाही पण बापाचं पीक राखतो. असं पोरगं आजकाल लाखात भेटत नाही भाऊ.

त्याच दृष्टांतात अजून एक पोरगा आहे, मोठा. धाकटा घरी परततो, बाप त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो, तिथपर्यंत आपण वाचतो, डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो, मोठ्याकडे कोणी पाहत नाही, प्रवचनात पण त्याच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं येतात आणि तीही त्याला नावं ठेवण्यात जातात. तिथं काय लिहिलं आहे ते पाहा जरा. वडील मुलगा शेतात होता. शेतात! घरात वाजंत्री वाजते आहे आणि हा गडी दिवसभर राबून परत येतो, आणि त्याला काय चाललं आहे ते चाकराला विचारावं लागतं, म्हणजे घरच्या कोणी त्याला बोलवायला माणूसही धाडलेलं नाही. मग तो रागानं आत जात नाही. आणि बापाला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी केली, तुमची आज्ञा मोडली नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला कधी करडूसुद्धा दिलं नाही.

आता तुमच्या पोराचं वाक्य घ्या. "मी काय तुमचा सालदार आहे? सालदाराला तरी पैसे देता." दोन हजार वर्षं मधे गेली, भाषा बदलली, वाक्य तेच आहे. मित्रसुद्धा आहेत त्यात. पोरगा मित्रासंगंच जातो म्हणाला होता ना त्या दिवशी?

आणि बाप काय करतो, तर बाहेर येतो. धाकट्यासाठी तो धावत गेला हे सगळ्यांना पाठ आहे, पण मोठ्यासाठीही तो जेवण सोडून, पाहुणे सोडून बाहेर आला आणि त्याची समजूत घालू लागला. एकाच दिवसात दोनदा उंबरा ओलांडला त्या म्हाताऱ्यानं. तुम्ही मात्र दार उघडं ठेवून आत बसला आहात आणि म्हणता वाट पाहतो. उघडं दार धाकट्याच्या कामाचं असतं भाऊ, मोठा तर अंगणातच उभा आहे, त्याला दार उघडं असल्याचं दिसतंच आहे, त्याला बाप बाहेर आलेला पाहायचा आहे.

म्हणून "बापानं लेकासमोर वाकायचं का" याचं माझं उत्तर हो. वाकायचं. आपण ज्याला प्रभू म्हणतो त्यानं शिष्यांचे पाय धुतले, कंबरेला रुमाल बांधून. वाकायची भीती वाटते ती आपल्याला, त्याला नाही वाटली.

छडीचं म्हणाल तर, जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो, हे नीतिसूत्रातलं वचन मी चाळीस वर्षं ऐकतो आहे आणि त्यातली बारा-पंधरा वर्षं मी स्वतः ते वचन तोंडावर फेकून पोरं बडवली, शिक्षक होतो ना, दोन्हीकडून परवाना. पण आधी एक गोष्ट, तुम्ही छडी घेतलीच नव्हती. तुम्ही चप्पल घेतली. चपलेचं वचन मला तरी अजून सापडलं नाही. आपल्याकडे चपलेनं मारणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, मार दुसऱ्या दिवशी विसरतो माणूस, चप्पल नाही विसरत, आणि तीही चार लोकांसमोर.

यवतमाळला पूर्वी बायबल सेमिनरी होती, १९८३ ला ती पुण्याला गेली, तर तिथले एक सर आमच्याकडे तरुण संघाच्या शिबिराला यायचे. त्यांनी सांगितलं होतं की नीतिसूत्रात छडीसाठी इब्री भाषेत जो शब्द आहे तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात आहे. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." तेव्हा ते डोक्यावरून गेलं. मग एका उन्हाळ्यात आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठेवाडी लोक उतरले होते मेंढरं घेऊन, त्यांच्यातला एक म्हातारा बाभळीखाली उभा राहून लांब आकडीनं फांदी खाली ओढत होता, शेंगा गळत होत्या आणि मेंढरं खात होती. मी तासभर पाहिलं त्याच्याकडे. कोकरू भरकटलं तर काठी आडवी धरायचा, कुत्रं आलं तर उगारायचा. मेंढराच्या पाठीत घातलेली नाही दिसली एकदाही. म्हणजे शिस्त नको असं मी म्हणत नाही, फांदी पोराच्या तोंडापर्यंत ओढून देणं हे पण त्याच काठीचं काम आहे आणि तुमच्या पत्रात मला ते कुठं दिसलं नाही.

इफिसच्या पत्रात सहाव्या अध्यायात मुलांनो आईबापाच्या आज्ञेत राहा हे आपण पोरांकडून पाठ करून घेतो, आणि तीन ओळी खाली बापांना सांगितलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका, ते आपण कोणाला पाठ करायला लावत नाही. लहानपणी मला "चिरडीस" शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, मला वाटायचं बैलगाडीच्या चाकाखाली चिरडू नका असं काहीतरी आहे. पुढं कळलं की चिडवणं, संताप आणणं असा अर्थ आहे. पण खरं सांगू, माझा लहानपणचा अर्थच मला जास्त पटतो.

आता माझं एक सांगतो, हे मी या सदरात आधी लिहिलेलं नाही. माझा मुलगा आठवी-नववीत असताना अभ्यास सोडून क्रिकेटमागे लागला म्हणून मी एका संध्याकाळी त्याची बॅट चुलीत घातली. त्याच्या आईसमोर, बहिणींसमोर. नंतर जेवलो, प्रार्थना केली, झोपलो. मला वाटलं बाप म्हणून कर्तव्य केलं. अठरा वर्षांनी, तो स्वतः बाप झाल्यावर, असंच जेवताना त्याच्या लेकाला बॅट घेऊन देण्याचा विषय निघाला तर तो सहज म्हणाला, "बाबा, ती बॅट माझ्या पैशाची होती, दिवाळीच्या सुट्टीत लोकांचा कापूस वेचून घेतली होती." मला माहीतच नव्हतं! मी विचारलंच नव्हतं की बॅट आली कुठून. मी घास तसाच ठेवून म्हटलं, बेटा माझं चुकलं, तर तो "असू द्या बाबा" म्हणाला आणि हात धुवायला उठला. बस इतकंच. मिठी नाही, रडणं नाही. ते माफ केलं म्हणायचं की विषय संपवला म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्याजवळ दोनच महिने झाले आहेत, अठरा वर्षं होऊ देऊ नका.

तर असं करा. तो मचाणावर असतो ना, तिथं जा. घरी बोलवून बोलू नका, घरात तुम्ही मालक आहात, तिथं तो आहे. प्रार्थनेच्या वेळी तर अजिबात नको, काही लोकांना सवय असते डोळे मिटून देवाला सांगायचं आणि ऐकवायचं पोराला, "हे प्रभू, माझ्या लेकाचं कठीण मन मऊ कर" वगैरे, तसलं काही करू नका, देवाला बाणासारखं वापरणं आहे ते. थर्मासमध्ये चहा घ्या, मचाणावर बाजूला बसा, समोरासमोर नाही, दोघांचं तोंड वावराकडे असलं की आपल्या माणसांना बोलायला सोपं जातं. आणि साध्या आपल्या भाषेत म्हणा, "तुले मारलं ते माहं चुकलं. लोकायसमोर मारलं ते त् लयच चुकलं." आणि थांबा. पुढं "पण" लावू नका. "पण तू पण उलटून बोलला", "पण मजूर नव्हता", "पण माह्या बापानं त् मले बैलाच्या दाव्यानं मारलं होतं", हे सगळं खरं असेल, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तो काही बोलला नाही तरी चहा पिऊन, थोडा वेळ बसून घरी या. दुसऱ्या दिवशी परत जा. बोलायला नाही, बसायला.

हे सगळं त्या दिवशी जे चार लोक होते त्यांच्यापैकी एखाद्यासमोर पण कधीतरी बोलून टाका, "त्या दिवशी माहंच चुकलं होतं" इतकंच, चहाच्या टपरीवर. गावात ते पोराच्या कानावर जायला संध्याकाळ पण लागणार नाही.

मग करडूचं. पोरानं हिशेब मांडला आहे तुमच्यासमोर, तो टाळू नका. मजुरी द्या असं मी म्हणत नाही, मजुरी दिली की तो खरंच सालदार झाला. दृष्टांतातला बाप पण करडाची किंमत काढून देत नाही, तो म्हणतो, "बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे." हे वाक्य तुम्हाला जड जाणार आहे कारण "माझे सर्व" यात तुमचं कर्जपण येतं. मला वाटतं खरी गाठ तिथंच आहे. त्या दिवशी तुम्ही पोरावर नव्हता चिडलेले, तुम्हाला मजुराचे पैसे वाचवायचे होते, औषध उधारीवर आणलं असेल, अळी थांबत नव्हती, आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पोराला दिसला तो नुसता चिडलेला बाप. त्याला जर माहीत असतं की बाप कशाच्या खाली दबला आहे तर तो मित्राला नाही म्हणाला असता की नाही, देव जाणे, पण सालदाराचं बोलला नसता.

कर्ज आधी बायकोला सांगा. पोराला तिच्या नंतर, पहिल्या रात्री नाही, दोन-तीन आठवडे गेल्यावर. बँकेचं पासबुक, सावकाराचं असेल तर तेही, कृषी केंद्राची उधारी, सगळं एका कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा. बारावीचं पोरगं आहे, व्याज काढता येतं त्याला, कदाचित तुमच्यापेक्षा बरं. फक्त एक वाक्य जिभेवर येऊ देऊ नका, "हे सगळं तुह्या शिक्षणासाठीच". ते वाक्य आपण प्रेमानं म्हणतो पण पोराच्या डोक्यावर दगड ठेवल्यासारखं असतं. आणि यंदा तुरीच्या दोन-चार तासांचे, म्हणजे ओळींचे, पैसे त्याच्या हातात द्या, काय करायचं त्यानं ठरवू द्या. मित्रांबरोबर जेवायला गेला तर जाऊ द्या, करडू त्यासाठीच मागितलं होतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, हिला आध्यात्मिक वगैरे काही म्हणू नका. सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर फवारणीचा पंप परत देऊ नका. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. तुमचा पोरगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल, त्यानं गावात काय पाहिलं, काय ऐकलं ते कधी विचारलं का? मित्राचं कारण सांगितलं असेल त्यानं, मनात भीती असेल. मला खात्री नाही, पण विचारा. तुम्ही स्वतः फवारताना पण मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वारा पाठीमागून, दुपारच्या उन्हात नाही, आणि घरी येऊन आधी अंघोळ. घरधन्याचं शरीर सांभाळणं हे पण कुटुंब सांभाळण्यातच येतं.

पंचपदाचं विचारलं आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे की ज्याला आपल्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, आणि ते वाचूनच तुम्हाला टोचतं आहे. टोचू द्या, चांगलं आहे. माझं मत आहे यंदा नको म्हणा. पाळकसाहेबांना एकट्यात जाऊन खरं कारण सांगा, तब्येतीचं निमित्त करू नका. पण घरी येऊन पोराला कधी, चुकूनही, म्हणू नका की तुझ्यामुळे मी पंच झालो नाही. एली याजकाची गोष्ट आठवा, शिलोचं पवित्रस्थान सांभाळता सांभाळता त्याची हफनी आणि फिनहास ही दोन पोरं हातची गेली, त्यांचे धंदे त्याला लोकांकडून कळत होते. आणि दावीद तर राजा, आपल्या पोराला, अबशालोमाला, यरुशलेमेत परत आणवलं पण दोन वर्षं तोंड दाखवलं नाही, एकाच शहरात! पुढं पोरगा बापावर बंड करून उठला आणि लढाईत मारला गेला, मग दावीद वेशीच्या माडीवर चढून रडला, माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा. तेव्हा ऐकायला पोरगा कुठं होता.

चर्चला तो येत नाही त्याची घाई करू नका. पंधरा-वीस रविवार चुकले तर आकाश कोसळत नाही. आधी त्याला तुमच्याबरोबर एका पंगतीला बसून जेवू द्या.

अजून एक. बारावीचा निकाल मेमध्ये लागेल, त्याच्या आधी त्याला एकदा तरी सांगा की तू मला आवडतोस, तुझ्यावर मी खूश आहे. आपल्या तोंडून निघत नाही असलं, मला माहीत आहे, जीभ लाकडाची होते. पण येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे," आणि तोवर त्यानं एक आंधळा बरा केला नव्हता की एक भाकर मोडून वाटली नव्हती. सुतारकाम करत होता. बापानं निकालाच्या आधीच सांगून टाकलं.

आज सोमवार आहे, पेपर तुमच्या हातात बुधवारपर्यंत येईल. बुधवारीच जा. चहात साखर थोडी जास्त टाका, रात्री जागणाऱ्याला लागते. आणि धुऱ्यावरूनच आवाज द्या, बॅटरी चमकवा, नाहीतर अंधारात पोरगं डुक्कर समजून गोफण फिरवेल आणि तुम्हाला माफी मागायच्या आधीच दवाखान्यात जावं लागेल.